शेपटीपुढचे तीन ठिपके

चिंचवडगावात हिंदुरावांचं भांड्यांचं दुकान होतं. त्या दुकानाच्या पायरीवर शफी बसायचा. मांडीवर गोणपाटाची घडी, तिच्यावर गिऱ्हाइकाचं भांडं, एका हातात खिळ्याएवढी पोलादी टोची, दुसऱ्या हातात लहानशी हातोडी. गिऱ्हाइकानं नाव सांगायचं आणि शफीनं ते भांड्यावर घालायचं. टक टक करत एकेक ठिपका पडायचा, ठिपक्यांचं अक्षर व्हायचं आणि अक्षरांचं नाव. लग्नसराईत पायरीपाशी रांग लागायची. मामाकडून हंडा, आत्याकडून परात, शेजाऱ्यांकडून तांब्या. देणाऱ्याचं नाव आणि खाली साल. साल घातल्याशिवाय हिंदुराव भांडं दुकानाबाहेर जाऊ देत नसत.

हे १९६२ साल. शफी तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. त्याचे वडील पुण्यात नदीकाठी कल्हईचं काम करायचे. आदल्या वर्षीच्या पानशेतच्या पुरात दुकान गेलं, भट्टी गेली, लोकांची कल्हईला आलेली भांडीही गेली. उरला तो एक चामडी भाता. तो घेऊन कुटुंब दापोडीला रेल्वेच्या अलीकडच्या गल्लीत राहायला आलं. वडिलांनी पुन्हा भाता काही लावला नाही. शफीचं अक्षर चांगलं होतं, एवढ्या भांडवलावर तो हिंदुरावांकडे चिकटला.

पहिल्याच आठवड्यात हिंदुरावांनी त्याला एक गोष्ट शिकवली. नाव संपलं की पुढं तीन ठिपके द्यायचे. एका रेषेत, सारख्या अंतरावर.

"शोभेसाठी?" शफीनं विचारलं.

"शोभा कसली? कुलूप आहे ते," हिंदुराव म्हणाले. "दुर्गाबाईंनी भाचीला घागर दिली. आम्ही नुसतं 'दुर्गाबाईंकडून' घातलं. वर्षभरानं घागर माझ्याकडं परत आली, तर पुढं कुणीतरी दुसरीकडून घालून घेतलेलं, 'व जाऊबाईंकडून'. जाऊबाईंनी एक पैसा दिला नव्हता. दोघी माझ्या दुकानात भांडल्या राव, ते सुद्धा आठवड्याच्या बाजारच्या दिवशी. तेव्हापासून माझ्याकडं नावापुढं तीन ठिपके. नाव संपलं. पुढं कुणाचा शिरकाव नाही."

बाकीच्या दुकानांत ही रीत नव्हती. कुणी फूल काढायचं, कुणी काहीच नाही. पण हिंदुरावांच्या पायरीवरून गेलेलं प्रत्येक भांडं तीन ठिपके घेऊन गेलं आणि ते ठिपके शफीच्या हातात इतके मुरले, की शेवटच्या अक्षरानंतर हात आपसूक तीनदा पडायचा. टक, टक, टक.

त्याच वर्षी हिवाळ्यात चीनबरोबर लढाई झाली. दुकानात भांडी बांधायला वर्तमानपत्रांची रद्दी यायची. एका कागदावर शफीनं एक चित्र पाहिलं. डोंगरावर पसरलेलं लांबलचक जनावर, सापासारखं अंग, मिशा, नख्या. हे कोण, म्हणून त्यानं हिंदुरावांना विचारलं. "ड्रॅगन. म्हणजे चीन," ते म्हणाले आणि त्यातच एक कढई गुंडाळून मोकळे झाले. शफीच्या मनात मात्र चित्रातलं एकच राहिलं. चित्रकारानं खवल्यांच्या जागी नुसत्या रेघा ओढल्या होत्या. तिथं ठिपके हवे होते, असं त्याला वाटलं.

असं काही वाटलं तरी तो बोलायचा नाही. भारी लाजाळू माणूस. गिऱ्हाइकानं "छान झालं हो" म्हटलं तर तो भांडं पुसत बसायचा. पण मनात एक बोच होती आणि ती त्यानं फक्त लग्नानंतर बायकोला, कनीजला, सांगितली. नऊ वर्षांत हजारो भांड्यांवर नावं घातली. घराघरांत फळ्यांवर ती भांडी मांडलेली. लोक बोट ठेवून सांगतात, ही मामांची परात, ही मावशीची कळशी. कोणी असं म्हणत नाही की हे शफीचं काम. म्हणायचं कारणही नाही म्हणा. पण जन्मात एक तरी वस्तू अशी व्हावी, की बघणाऱ्यानं विचारावं, ही कुणी केली?

"आणि विचारलं तर तुमी सांगणार का?" कनीज म्हणाली. "तुमी तर पळून जाल."

१९७१ साली हिंदुरावांच्या दुकानात विजेवर चालणारं नाव घालायचं यंत्र आलं. घरघर करत ते एका मिनिटात नाव उठवायचं. अक्षर माशी चालल्यासारखं यायचं, पण लोकांना घाई होती. हिंदुरावांना शफीला जा म्हणवेना आणि शफीला राहवेना. शेवटी हिंदुरावांनीच शब्द टाकला आणि शफी कासारवाडीला उद्धवरावांच्या शेडमध्ये कामाला लागला.

उद्धवराव बिल्ले बनवायचे. त्या पट्ट्यात तेव्हा रोज एक नवी कंपनी उभी राहत होती आणि प्रत्येक कंपनीला बिल्ले लागत. गेटवर दाखवायचे नंबराचे, कँटीनचे, युनियनचे, गणपती मंडळाच्या स्वयंसेवकांचे. काम सोपं वाटलं तरी सोपं नव्हतं. पोलादाच्या ठोकळ्यात चित्र उलटं कोरायचं, तो ठसा. ठसा दाबयंत्रात बसवून तांब्याच्या पत्र्यावर दाबला की चित्र सुलटं उठतं. रेषा वर, मधली जागा खोल. त्या खोलात रंगाची मिना, म्हणजे काचेची रंगीत पूड, भरायची, भट्टीत भाजायची, घासून चकचकीत करायची, मागं टाचणी डकवायची.

शेडमध्ये बाराजण होते. दाबयंत्रावर भिमाजी. हा माजी सैनिक, बासष्टच्या लढाईत वर बर्फात होता. बोलणं तिरकस आणि दंड मांडीएवढा. मिना भरायला तानुबाई. सुईच्या टोकानं रंग भरायची आणि तेवढ्यात साऱ्या शेडची खबर ठेवायची. शफीला मिळालं घासकाम. पुढं झिजलेल्या ठशांच्या रेषा तो पुन्हा उकरून द्यायला लागला. पण नवा ठसा त्यानं कधी केला नाही. नवे ठसे मुंबईहून एका जुन्या कारागिराकडून यायचे.

१९७६च्या उन्हाळ्यात उद्धवरावांना परदेशातली पहिली ऑर्डर मिळाली. मुंबईच्या एजंटामार्फत, विलायतेतल्या हॉलिस नावाच्या व्यापाऱ्याची. त्यानं लिहिलं होतं, ड्रॅगनचा बिल्ला हवा.

"कुठल्या कंपनीचा?" भिमाजीनं विचारलं.

"कंपनीचा नाही. तिकडं लोक बिल्ले जमवतात," उद्धवराव म्हणाले. "आपल्याकडं पोरं काड्यापेटीची चित्रं जमवतात ना, तसं. मोठी माणसं जमवतात. कोटावर लावतात, अदलाबदल करतात."

"मोठी माणसं?"

"म्हातारी सुद्धा."

"सुखी आहेत," भिमाजी म्हणाला.

मुंबईच्या कारागिरानं ठसा केला, नमुना विलायतेला गेला आणि नापास होऊन आला. हॉलिसचं पत्र उद्धवरावांनी सगळ्यांना वाचून दाखवलं. हा चिनी बशीवरचा ड्रॅगन आहे, असा प्रत्येकाकडं आहे. मला पंखांचा हवा, आग ओकणारा, आणि कुणाकडं नसलेला. तीन आठवड्यांत ठीक झालं तर पाच हजार नग, नाही तर राहू द्या. मुंबईचा कारागीर रागावला, म्हणाला, दुसरा कोणी बघा.

उद्धवराव कपाळाला हात लावून बसले होते. तेव्हा घासकामाच्या कोपऱ्यातून आवाज आला, "शेठ, मी बघू का करून?"

शफी हे बोलला याचं शफीलाच नवल वाटलं.

"तुम्ही ड्रॅगन पाहिलाय का शफीभाई?"

"एकदा. रद्दीत."

भिमाजी हसला. "मी चार महिने त्यांच्या समोर काढले, मला तर एकपण दिसला न्हाई. थंडी तेवढी दिसली."

उद्धवरावांकडं दुसरा इलाज नव्हता. त्यांनी पोलादाचा ठोकळा दिला, एकच, आणि म्हणाले, "हा गेला तर दुसरा नाही. दिवसही नाहीत."

घरी कनीजनं ऐकलं आणि तिला वेगळीच शंका आली. "जिवंत जनावराची तसबीर करू नये म्हणतात."

"अगं, हे जनावर दुनियेतच नाही."

तिनं थोडा विचार केला. "मग करा. जे न्हाईच, त्याची हरकत कुणाला असणार?"

पण दुनियेत नसलेलं जनावर करायचं म्हणजे दुनियेतल्याच जनावरांकडून उसनं घ्यावं लागतं. दापोडीला पवना आणि मुळा मिळतात तिथं खडकावर दुपारी एक घोरपड उन्हं खायला यायची. शफी तीन दिवस कामावरून सुट्टी काढून तिच्यासमोर बसला. ती चालताना पुढचा उजवा पाय टाकते तेव्हा मागचा डावा उचलते, तेव्हा कमरेत अंग कसं वळतं, मान कशी ताठ राहते, हे त्यानं विडीच्या पाकिटाच्या मागं काढून घेतलं. पंखांसाठी त्यानं वडाला लटकलेली वटवाघळं पाहिली. पंख कसला तो, काड्यांवर ताणलेली छत्रीच. डोळा आणि तोरा गल्लीतल्या कोंबड्याचा घेतला, जो येणाऱ्याजाणाऱ्यावर धावून जायचा. आग काही जमेना. मशालीची ज्वाळा काढली तर ती पळसाच्या फुलासारखी दिसायची. एका सकाळी कनीजनं स्टोव्हला जास्त पंप मारला आणि भडका उडाला. ती किंचाळली आणि हा कागद शोधत धावला.

"घर जळलं तर काय काढाल?" ती म्हणाली.

"थांब, हलू नकोस," तो म्हणाला, आणि ते तिला की ज्वाळेला, हे तिनं विचारलं नाही.

कोरायला बसल्यावर सगळ्यात अवघड होतं ते उलटं कोरणं. कागदावर ड्रॅगनचं तोंड उजवीकडं होतं, म्हणजे ठशात ते डावीकडं यायला हवं. कनीजचा आरसा शेडमध्ये आणून त्यात बघत त्यानं चित्र उतरवलं. मग आधी बाह्यरेषा, मग पंखांच्या काड्या, मग नख्या. प्रत्येक टप्प्यावर मेण दाबून बघायचं. पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी त्यानं छिन्नी बाजूला ठेवली आणि खिशातून जुनी टोची काढली, भांड्यांवर नावं घालायची.

खवले त्यानं ठिपक्यांनी घातले. मानेजवळ बारीक, पोटाशी टपोरे, शेपटीकडं पुन्हा बारीक होत जाणारे. एका अंगठ्याएवढ्या जनावरावर चारशेच्या वर ठिपके. हातोडी पडत होती ती एका लयीत. शेडमधल्या यंत्रांच्या आवाजातही ती टकटक सगळ्यांना ऐकू येत होती. दुपारी तानुबाई मागं येऊन उभी राहिली, तरी त्याला पत्ता नव्हता. डोकं, मान, पाठ, शेपूट. ठशात ते जनावर डावीकडून उजवीकडं एखाद्या ओळीसारखं पसरलं होतं आणि शफीचा हात ओळीच्या शेवटाकडं चालला होता. शेपटीच्या टोकाचा शेवटचा ठिपका पडला.

आणि मग, टक, टक, टक.

"ही कुणाला सलामी?" भिमाजी यंत्रावरून म्हणाला.

शफीनं हातोडी खाली ठेवली. तो ठशाकडं बघत होता. शेपटीच्या पुढं, मोकळ्या जागेत, एका रेषेत, सारख्या अंतरावर तीन ठिपके. भांड्यावरचा ठिपका मागून ठोकून बुजवता येतो. पोलादात गेलेला ठिपका बाहेर येत नाही. सगळा ठसा घासून खाली न्यायचा तर खवलेच पुसले जाणार. नऊ वर्षांची सवय तीन ठोक्यांत बाहेर आली होती.

त्याला गप्प बसता आलं असतं. तो उठला आणि ठसा घेऊन उद्धवरावांपुढं उभा राहिला. "शेठ, माझ्या हातून चूक झाली."

उद्धवरावांनी भिंग लावलं. बराच वेळ ते ड्रॅगनकडं बघत राहिले, मग ठिपक्यांकडं. "हे भांडं नाही हो शफीभाई," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

आठ दिवस उरले होते. ठसा लाल तापवून तेलात बुडवला; तो तडकला नाही, एवढं नशीब. भिमाजीनं यंत्राचा दांडा फिरवला आणि पहिला बिल्ला पडला. रंग कोणता, यावर वाद झाला. उद्धवराव हिरवा म्हणाले. तानुबाई म्हणाली, "हिरवा तर सापबी असतो. मोरपंखी भरा." कुणी काही म्हणायच्या आत तिनं भरलाही. भाजून, घासून बिल्ला हातात आला तेव्हा सगळे यंत्रं सोडून भोवती जमले. मोरपंखी रंगातून तांब्याचे चारशे ठिपके वर आले होते. बिल्ला जरा तिरका केला की उजेड त्यांच्यावरून डोक्याकडून शेपटीकडं सरकत जायचा आणि जनावरानं अंग हलवल्यासारखं वाटायचं.

भिमाजीनं तो बराच वेळ वरखाली करून पाहिला. "हा जर वर बर्फात आला असता ना," तो म्हणाला, "तर मी सरळ घरी आलो असतो."

विलायतेहून तार आली, पाच हजार पाठवा. ठिपक्यांबद्दल एक अक्षर नाही. पुढच्या वर्षी दहा हजार. मग लाल रंगात, मग काळ्या. तीन वर्षांनी ठसा झिजून चिरला. शफीनं हुबेहूब दुसरा केला. तीन ठिपक्यांसह, कारण आता ते चित्रातच धरले जात होते. जुना ठसा मोडीत गेला. शफीची घासकामातून सुटका झाली, शेडचे सगळे ठसे तो करू लागला. पण एजंटाच्या कागदांवर ड्रॅगन होता तो 'मुंबईचा ड्रॅगन'. एकदा उद्धवरावांनी ते दुरुस्त करायला सांगितलं. एजंट म्हणाला, विलायतेत कासारवाडी कुणाला ठाऊक?

१९८२च्या जानेवारीत हॉलिसचं पत्र आलं आणि उद्धवरावांनी ते दोनदा वाचलं. अगदी असाच ड्रॅगन मुंबईच्या दुसऱ्या एका कारखान्याकडून त्याला स्वस्तात देऊ केला होता. तो कारखानदार सांगत होता की मूळ चित्र आमचंच, पुण्याकडच्यांनी चोरलं. हॉलिसनं पुढं लिहिलं होतं, माझ्याकडचे जमवणारे लोक मूळ कुठलं याला फार मानतात. नक्कल ठरली तर माल परत करतात. मी स्वतः येतो आहे. दोन्हीकडं बघेन, आणि ज्यानं पहिल्यांदा केला त्याच्याकडूनच घेईन.

उद्धवरावांना ऑर्डरची काळजी होती. शफीला दुसरीच. जन्मात एक वस्तू केली, तिच्याबद्दल अखेर कोणीतरी विचारायला येत होतं, ही कुणी केली, आणि उत्तर चोर असं येण्याची पाळी होती. पहिला ठसा मोडीत गेलेला. विडीच्या पाकिटावरची चित्रं केव्हाच चुलीत गेलेली. दाखवायला काही नव्हतं. चार दिवस त्याला जेवण गेलं नाही.

"तुमी केलंय ना?" कनीज म्हणाली.

"व्हय."

"मग ताठ उभं राहा. त्या घोरपडीवानी."

हॉलिस आला तो दुपारी, जेवणाच्या सुट्टीच्या आधी. उंच, गोरा, साठीतला माणूस. घाम पुसत होता, पण चेहरा सौम्य. कोटाच्या आतल्या बाजूला मखमलीच्या पट्टीवर बिल्लेच बिल्ले लावलेले. तानुबाई ते बघून म्हणाली, "ह्याच्या बायकोला ह्याची कापडं धुताना किती टोचत असंल." त्यानं टेबलावर दोन ड्रॅगन ठेवले. एक इथला, एक मुंबईचा. शफीनं मुंबईचा हातात घेतला आणि तिरका करून पाहिला. खवले सपाट होते, उजेड सरकत नव्हता. पण नक्कल करणाऱ्यानं इमानेइतबारे सगळं उतरवलं होतं. शेपटीपुढचे तीन ठिपके सुद्धा.

हॉलिसनं नेमकं त्यांच्यावरच बोट ठेवलं आणि इंग्रजीत काही विचारलं. उद्धवरावांनी सांगितलं, "साहेब विचारतात, हे काय आहे? मुंबईवाले म्हणाले, आकाशातले तारे आहेत."

सगळे शफीकडं बघायला लागले. तो यंत्रामागं सरकला होता. भिमाजीनं त्याला खांद्याला धरून पुढं आणलं.

"नाव संपलं की देतात ते," शफी म्हणाला. एवढंच.

उद्धवरावांना काय भाषांतर करावं कळेना. हॉलिस वाट बघत होता. एवढ्यात तानुबाई उठली, खुंटीवरच्या पिशवीतून आपला पितळी डबा काढला, भाकरी काढून कागदावर ठेवली आणि रिकामा डबा हॉलिसच्या पुढं आडवा धरला.

"साहेबाला म्हणावं, हे बघा. माझ्या लग्नातला हाय. चिंचवडच्या दुकानातला."

डब्याच्या पोटावर ठिपक्याठिपक्यांची ओळ होती. 'तानुबाईस मामांकडून', खाली १९६५. आणि नावापुढं तीन ठिपके.

हॉलिसनं खिशातून भिंग काढलं. एकदा डबा, एकदा बिल्ला. ठिपक्याचा आकार तोच, अंतर तेच, मधला ठिपका किंचित मोठा, कारण दुसऱ्या ठोक्याला शफीचा हात नेहमीच जड पडायचा. तोवर भिमाजीनं आपला डबा आणला होता. त्यावर त्याच्या सासऱ्याचं नाव, १९६८. मग बाकीचे उठले. बारा डब्यांपैकी सात डबे टेबलावर रांगेत आले. कुणाचा ६३चा, कुणाचा ७०चा. एकात तर आमटी तशीच होती, तो हॉलिसनं जपून फिरवत नाव पाहिलं. आणखी दोन डब्यांवर ठिपके नव्हते, ते दुसऱ्या दुकानातले निघाले. ते परत घ्यावे लागले, याचं आणणाऱ्यांना जरा वाईट वाटलेलं दिसलं.

उद्धवरावांना आता कंठ फुटला होता. हिंदुरावांच्या तोंडून ऐकलेलं कुलूप, दुर्गाबाईंची घागर, जाऊबाई, सगळं त्यांनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. जाऊबाईंपाशी हॉलिस मोठ्यानं हसला; ते त्याला बरोबर कळलं. मग त्यानं मुंबईचा बिल्ला उचलला आणि खिशात टाकला, मखमलीवर नाही. जुना मोरपंखी बिल्ला पट्टीवर पहिल्या जागी लावला आणि शफीकडं वळून काहीतरी विचारलं.

"ते विचारतात," उद्धवराव म्हणाले, "हा तुम्ही केला?"

शफी पळाला नाही. "व्हय," तो म्हणाला. "मी केला. घोरपड नदीवरची आहे. आग आमच्या स्टोव्हची."

पुढं कितीतरी वर्षं हॉलिसच्या छापील यादीत त्या बिल्ल्याखाली ओळ यायची. शफी, दापोडी, १९७६. यादीचा कागद उद्धवरावांनी काचेत घालून शेडमध्ये लावला. खेडच्या बाजूनं नव्या कंपन्यांची माणसं बिल्ल्यांसाठी यायची, तेव्हा भिमाजी त्यांना आधी त्या काचेपुढं उभं करायचा आणि मगच आत सोडायचा.

हॉलिस येऊन गेला त्याच महिन्यात शेडमधल्या लोकांनी मिळून एक पितळी डबा विकत आणला, शफीला द्यायला. तेव्हा पंचाईत झाली. देणाऱ्याचं नाव घालायला हवं आणि नाव घालणार कोण? विजेच्या यंत्रावर घालायला तानुबाई तयार होईना. शेवटी भिमाजीनं डबा शफीच्याच पुढं ठेवला.

"घ्या भाऊ. तुमचीच भेट, तुमीच घाला."

"काय घालू?"

"शफीभाईंस, शेडकडून. आणि साल."

शफीनं गोणपाटाची घडी मांडीवर घेतली. सगळे भोवती उभे होते. हजारो नावं घातली होती त्यानं, पण 'श' कसा वळवायचा हेच त्याला क्षणभर सुचेना. अक्षरं जरा वाकडी आली. शेवटचं तर चांगलंच खाली उतरलं. पुढचे तीन ठिपके मात्र सरळ रेषेत पडले.

तो डबा अजून दापोडीच्या घरात आहे. कनीज त्यात गूळ ठेवते. कोणी पाहुणा आला आणि तिनं डबा पुढं केला, की गूळ देण्याआधी ती तो जरा फिरवून नावाची बाजू पाहुण्याकडं करते.